गुडवुडचे वळण आणि आपल्या फाटकाजवळचे वळण



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्याच आठवड्यातली गोष्ट. अकरावी विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन आमच्या कार्यालयात आला. काकांची मोटारसायकल घेऊन तो शाळेच्या फाटकाजवळच्या वळणावर घसरला होता. परवाना नाही, हेल्मेट नाही. आम्ही रागावण्याच्या पूर्ण तयारीत होतो. पण त्याने डाव्या हाताने वहीतून एक चित्र काढून आमच्या टेबलावर ठेवले. जुनी रुपेरी टाकीची मोटारसायकल, काळा चामडी पोशाख घातलेला स्वार, आणि गाडी इतकी आडवी की स्वाराचा गुडघा जमिनीला टेकेल असे वाटावे. खाली लिहिले होते की स्वाराचे वय साठीच्या पुढे आहे.

"सर, हे आजोबा एवढी गाडी आडवी घालतात, तरी पडत नाहीत. मी तर पंचवीसच्याच स्पीडनं होतो. मग मीच कसा पडलो?"

इतकी वर्षे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारला गेल्यावर रागावणे बाजूलाच राहिले. तेव्हा आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. नंतर वाचले, आकडेमोड केली, त्यातून हा लेख झाला.

चित्र इंग्लंडमधील गुडवुडचे होते. इंग्लंडच्या दक्षिणेस चिचेस्टर शहराजवळ दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांचा एक तळ होता. युद्ध संपल्यावर त्या तळाभोवतीचा रस्ता रिकामा राहिला. 18 सप्टेंबर 1948 रोजी तेथे मोटारींची पहिली शर्यत झाली. सर्किटची लांबी सुमारे 3.8 किलोमीटर. 1962 साली याच सर्किटवर सेंट मेरीज या वळणापाशी स्टर्लिंग मॉस हा नामवंत चालक भीषण अपघातात सापडला आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. गाड्यांचे वेग वाढत गेले, सर्किट मात्र तेच राहिले. तेव्हा 1966 साली तेथील शर्यती बंद करण्यात आल्या. पुढे बरोबर 50 वर्षांनी, 18 सप्टेंबर 1998 रोजी, सर्किट पुन्हा उघडले ते एका वेगळ्या रूपात. 'गुडवुड रिव्हायव्हल' नावाच्या या शुक्रवार ते रविवारच्या सोहळ्यात 1966 पर्यंतच्याच घडणीच्या गाड्या धावतात आणि प्रेक्षकही त्या काळचे कपडे घालून येतात. आपल्याकडे जत्रेला नटून जातात तसेच काहीसे! मोटारसायकलींच्या शर्यतीत अलीकडे एका गाडीवर दोन स्वार असतात. एकाने काही फेऱ्या मारायच्या, मग गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची.

चित्रातली गाडी होती 'मँक्स नॉर्टन'. बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कंपनीने केवळ शर्यतीसाठी बनवलेली, 500 सी.सी.ची, एकाच सिलिंडरची. 'मँक्स' म्हणजे आइल ऑफ मॅन बेटाची. त्या बेटावरील शर्यतींवरून हे नाव आले. 1950 साली या गाडीला नवा सांगाडा मिळाला. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी तो तयार केला. हॅरोल्ड डॅनिएल या स्वाराला जुन्या सांगाड्याच्या मानाने हा म्हणजे पिसांची गादीच वाटली आणि तेच नाव त्या सांगाड्याला कायमचे चिकटले. 1951 साली जेफ ड्यूक यांनी नॉर्टनवर 350 आणि 500 सी.सी. अशी दोन्ही जागतिक अजिंक्यपदे मिळवली. त्यानंतर इटलीच्या चार सिलिंडरच्या गाड्या पुढे निघून गेल्या, पण मँक्स ही गाडी कोणाही स्वाराला विकत मिळत असे. म्हणूनच ती एवढ्या संख्येने टिकली. 1961 साली माइक हेलवूड यांनी आइल ऑफ मॅनची मोठी शर्यत मँक्सवरच ताशी 100 मैलांहून अधिक सरासरीने जिंकली, तेव्हा तिची मूळ रचना जुनाट म्हणून ओळखली जाऊ लागली होती.

आता थोडे इंजिनकडे वळू. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कधी ना कधी जुनी बुलेट होती. 350 सी.सी.च्या त्या बुलेटची ताकद सुमारे 18 अश्वशक्ती. मँक्स 500 सी.सी.ची, पण तिची ताकद जवळजवळ 50. सिलिंडर दीडपटीहून थोडा कमीच मोठा, ताकद मात्र पावणेतीन पट! हे कसे?

उत्तर फेऱ्यांमध्ये आहे. इंजिन मिनिटाला जितक्या अधिक फेऱ्या करील तितक्या अधिक वेळा त्यात इंधन जळेल. मग फेऱ्या वाढवतच का नेत नाहीत? कारण पिस्टन वर-खाली धावतो आणि दर फेरीत दोनदा पूर्ण थांबून उलटा फिरतो. मुलांनी पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. जुन्या मँक्सचा पिस्टन एका वेळी 100 मिलिमीटर सरकत असे. मिनिटाला 6000 फेऱ्या झाल्या तर एका सेकंदाला 100 फेऱ्या, दर फेरीत जाणे आणि येणे मिळून 200 मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर सरासरी वेग. 1950 च्या दशकात नॉर्टनने सिलिंडर रुंद केला (79.6 ऐवजी 86 मिलिमीटर) आणि पिस्टनचा पल्ला सुमारे 85.6 मिलिमीटरवर आणला. आता 7000 फेऱ्यांचा हिशेब करा. उत्तर पुन्हा 20 मीटरच येईल! पिस्टनला जादा पळावे लागले नाही आणि मिनिटाला हजार फेऱ्या पदरात पडल्या. हा हिशेब सुटल्यावर आम्ही स्वयंपाकघरात जाऊन सौभाग्यवतींनाही सांगून आलो. त्यांनी कुकरच्या शिट्या मोजण्यात व्यत्यय आणल्याबद्दल आम्हाला बाहेर पाठवले.

पण 7000 फेऱ्यांना पिस्टन वरच्या टोकाला उलटा फिरतो तेव्हा त्याचे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या दोन हजार पटींहून अधिक असते. पिस्टनचे वजन अर्धा किलो धरले तर त्या क्षणी त्याला खाली खेचणाऱ्या दांड्यावर टनाहून जास्त ओढ येते, आणि हे सेकंदाला शंभराहून अधिक वेळा. आजच्या गाड्यांत फेऱ्या मर्यादेबाहेर जाऊ लागल्या की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठिणगी तोडते. मँक्समध्ये मुळात तसे काही नव्हते; एक काटा आणि त्याकडे पाहणारी नजर. घाईत चुकून खालचा गिअर पडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनचे तुकडे व्हायचे. शिवाय गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आपल्या जुन्या बुलेटसारखे. आजच्या गाडीची सवय असलेला स्वार गडबडला आणि ब्रेक समजून गिअर दाबला, तर काय होईल याची कल्पना करावी.

ही गाडी किक मारून सुरू होत नाही, कारण तिला किकच नाही. बॅटरीही नाही, ठिणगी मॅग्नेटोतून येते आणि मॅग्नेटो फिरल्याशिवाय ठिणगी देत नाही. म्हणून गिअर टाकायचा, क्लच दाबायचा, गाडी ढकलत पळायचे, उडी मारून सीटवर बसायचे आणि त्याच क्षणी क्लच सोडायचा. एकदा सुरू झाली की संथपणे फटफटत उभी राहात नाही. थ्रॉटल सतत खाली-वर करून तिला जिवंत ठेवावे लागते. कर्ण्यासारखा उघडा सायलेन्सर जास्त फेऱ्यांना ताकद वाढवतो, पण कमी फेऱ्यांना इंजिन अडखळते. म्हणून हळू वळणातून निघताना क्लच अर्धवट दाबून फेऱ्या वर ठेवाव्या लागतात. तात्पर्य, गाडीचे अर्धे काम माणसाने करायचे.

या शर्यतींच्या ठिकाणी एक विशिष्ट वास दरवळतो असे सगळे लिहितात. तो वास एरंडेलाचा! लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेल्या त्याच एरंडेलाचा जातभाई. एरंडेलाचा थर धातूला घट्ट धरून राहतो आणि मोठ्या दाबाखालीही तुटत नाही. शिवाय ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही, म्हणून पातळ होत नाही. 'कॅस्ट्रॉल' हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे. आज जगात एरंडीचे सर्वाधिक पीक भारतात येते आणि त्यातही आपल्या शेजारच्या गुजरातेत. दोष एवढाच की हे तेल तापून राळेसारखे चिकट होते, म्हणून वारंवार काढून इंजिन साफ करावे लागते. आता काही जण कृत्रिम तेल वापरतात.

शर्यतीपूर्वी प्रत्येक गाडीची तपासणी होते. तेलाच्या टाकीखालचा बोल्ट भोक पाडून बारीक तारेने बांधलेला असावा लागतो, म्हणजे थरथरीने सुटणार नाही. कारण रस्त्यावर सांडलेले तेल ज्याचे त्याला नडत नाही, ते मागून येणाऱ्याला पाडते. विद्यार्थ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे आम्हाला स्वतःलाच त्याची आठवण करून द्यावी लागली आहे.

ब्रेकविषयी एक हिशेब. गाडी सुमारे 140 किलो, स्वार 75 किलो, मिळून 215 किलो. ताशी 180 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 50 मीटर. गतिज ऊर्जा सुमारे 2 लाख 69 हजार ज्यूल. वळणासाठी वेग निम्मा केला, तर ऊर्जा निम्मी उरत नाही, चौथा हिस्सा उरते. उरलेले तीन हिस्से, म्हणजे सुमारे 2 लाख ज्यूल, ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातात. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी 48 अंशांनी तापेल. हे दर मोठ्या वळणापूर्वी, फेरीमागून फेरी. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. पहिल्या फेरीत जेथे ब्रेक दाबून भागले तेथेच दहाव्या फेरीत दाबला तर उशीर झालेला असतो. म्हणून जाणता स्वार दर फेरीला ब्रेकची स्थिती बोटांनी जोखत जातो आणि थोडा आधी दाबू लागतो.

आता मूळ प्रश्न. वळणात गाडी आडवी का घालावी लागते? वळायला आतल्या बाजूला ओढणारे बल हवे. ते टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून मिळते. तोल राहावा म्हणून गाडी जितकी झुकवावी लागते त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार. लक्षात घ्या, यात वजन कोठेच आले नाही. आजोबा जाड की बारीक, गाडी नॉर्टन की स्कूटर, हिशेब तोच.

समजा वळणाची त्रिज्या 100 मीटर आहे आणि वेग ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर. 625 भागिले 980, उत्तर 0.64. कोन साधारण साडेबत्तीस अंश. वेग 108 केला तर उत्तर 0.92, कोन जवळजवळ 43 अंश. वेग फक्त 20 टक्के वाढला, घर्षणाची मागणी मात्र 44 टक्के वाढली. स्वच्छ कोरड्या रस्त्यावर चांगले टायर 0.64 सहज देतात, 0.92 ला जुन्या धर्तीच्या अरुंद टायरची परीक्षा असते.

आणखी एक गोष्ट. घर्षण हा टायरचा महिन्याचा पगार समजा. वळणे, ब्रेक लावणे आणि वेग वाढवणे हे तिन्ही खर्च त्याच पगारातून भागवायचे. वळणावरच सगळा पगार संपत असेल तर ब्रेकसाठी काही शिल्लक नसते. म्हणून सर्किटवरचे स्वार ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर लावतात.

येथे बॅरी शीन यांच्याबद्दल लिहावे की नाही याचा आम्ही दोन दिवस विचार केला. हे इंग्लंडचे स्वार 1976 आणि 1977 साली 500 सी.सी.चे जागतिक विजेते. 1975 आणि 1982 सालच्या दोन अपघातांनी त्यांची हाडे इतक्या ठिकाणी मोडली की ती धातूच्या पट्ट्यांनी आणि स्क्रूंनी जोडावी लागली. 2002 साली त्यांना कर्करोग झाल्याचे कळले आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये, वयाच्या पन्नाशीपुढे, त्यांनी गुडवुडला मँक्स नॉर्टनवर शर्यत जिंकली. मागे होते 1987 चे जगज्जेते वेन गार्डनर. मार्च 2003 मध्ये शीन वारले. गुडवुडची ती मोटारसायकल शर्यत आता त्यांच्याच नावाने होते. असे उदाहरण मुलांपुढे ठेवले तर अपघात म्हणजे शौर्य असे त्यांना वाटेल, ही पालकांची भीती खोटी नाही. अशा शर्यतींत आजही माणसे जखमी होतात, काही दगावतात. पण शीन त्या दिवशी जिंकले ते अंगावर उदार होऊन नव्हे, असे आमचे मत आहे. चाळीस वर्षे जुन्या इंजिनचे आणि ड्रम ब्रेकचे तंत्र सांभाळल्याशिवाय शर्यत शेवटपर्यंत पोहोचतच नाही, आणि मोडलेली हाडे असलेल्या माणसाला आपल्या मर्यादेचा हिशेब इतरांहून चांगला ठाऊक असतो.

असेही काही जण म्हणतात की अशा गाड्या संग्रहालयात काचेमागे ठेवाव्यात, पळवून मोडू नयेत. आज इंग्लंडमध्ये जुन्या आराखड्यांवरून मँक्सची इंजिने नव्याने बनवली जातात, त्यामुळे मूळ गाडी जपून नवी पळवता येते. आमचा कल पळवण्याकडे आहे. गाडी काचेमागे गेली की तिला ढकलून सुरू करण्याची, कानाने फेऱ्या ओळखण्याची विद्या दहा-वीस वर्षांत जाते, आणि मग उरते ते लोखंड.

तर, आपला विद्यार्थी का पडला? त्या वळणाची त्रिज्या आम्ही अकरावीच्या मुलांकडून मोजून घेतली. शनिवारी शाळा सुटल्यावर वळणाच्या आतल्या कडेवर दोन ठिकाणी 6 मीटरची दोरी ताणली. दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर 58 सेंटिमीटर भरले. अर्ध्या दोरीचा वर्ग भागिले त्या अंतराची दुप्पट, अधिक त्या अंतराचा निम्मा. त्रिज्या साधारण 8 मीटर आली. आमच्या त्या विद्यार्थ्याचा वेग ताशी 25, म्हणजे सेकंदाला 6.94 मीटर. फळ्यावर त्यानेच डाव्या हाताने, वेड्यावाकड्या आकड्यांत, हिशेब मांडला. उत्तर 0.61. कोन जवळजवळ 32 अंश.

वर्गात एकदम शांतता झाली. आजोबांचा कोन साडेबत्तीस, याचा बत्तीस. हळू चालणारा आपला मुलगा आणि ताशी 90 ने जाणारे आजोबा सारखेच झुकलेले होते! एवढ्या तीव्र वळणावर 25 हा वेग हळू नसतो. कोरड्या स्वच्छ रस्त्याचा घर्षण गुणांक 0.8 धरला तर तेथे ताशी 28 पर्यंत निभावते. पण त्या दिवशी रस्त्यावर रेती पसरली होती. रेतीसाठी 0.3 धरला तर मर्यादा ताशी साडेसतरा. त्यात त्याने रेती पाहून पुढचा ब्रेक दाबला. म्हणजे पगार आधीच संपलेला आणि वर नवा खर्च.

रेती कोठून आली, हे मुलांनी विचारले नाही. त्यांना ठाऊक होते. शाळेच्या कुंपणभिंतीच्या कामाची रेती आम्हीच फाटकाबाहेर उतरवून घेतली होती, आत ट्रक वळत नाही म्हणून. तिच्यावरून तीन आठवडे वाहने जात होती आणि ती वळणापर्यंत पसरत गेली. तेलाचा बोल्ट तारेने बांधण्याबद्दल वर लिहिले आहे, ते वाचून दाखवताना आम्हाला आमच्याच फाटकाची आठवण झाली. त्याच संध्याकाळी ढीग आत हलवला, रस्ता झाडून धुतला. विश्वस्त मंडळींना विनंती की काम संपेपर्यंत रोज सायंकाळी रस्ता झाडण्यासाठी एका मजुराची मंजुरी द्यावी. त्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांकडे आम्ही स्वतः जाऊन आलो.

पालकांसाठी दोन शब्द. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना 18 वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक वा वाहनमालकास 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काकांना हे समजावून सांगितले आहे. त्या गाडीची किल्ली सध्या त्यांच्या देवघरात आहे.

मोजणीची दोरी प्रयोगशाळेतील कपाटात ठेवली आहे. आपल्या गल्लीतले वळण मोजायचे असेल त्या विद्यार्थ्यांनी ती शनिवारी घेऊन जावी व सोमवारी परत आणावी. सोबत घरातील एक मोठे माणूस असावे, आणि रस्त्यावर काय पडलेले होते तेही वहीत लिहून आणावे.